धावती गाडी गप्प का होते?

ना दिवा लागतो, ना आवाज येतो, आणि भररस्त्यात इंजिन चक्क झोपी जातं. गॅरेजवाला म्हणतो, 'ईसीएम गेलाय मॅडम, चौतीस हजार.' थांबा! मान डोलावण्याआधी त्याला फक्त एक शब्द विचारा : कशावरून?

ऑफिसमधला पीसी हँग झाला की आपण काय करतो? रिस्टार्ट मारतो आणि कॉफी प्यायला जातो. परत आल्यावर सगळं ठीक असेल तर आयटीवाल्याला फोनसुद्धा करत नाही. गाडीच्या बाबतीतही आपला हाच फंडा असतो. सिग्नलला बंद पडली? मारा सेल्फ. झाली चालू? चला! 'पेट्रोलमध्ये कचरा आला असेल' हे आपलं आवडतं निदान, आणि 'पुढच्या सर्व्हिसिंगला सांगू' हा त्यावरचा आवडता उपाय. ईएमआय, अ‍ॅप्रेझल आणि वीकेंडचे प्लॅन्स यात गाडीच्या तब्येतीला वेळ कुणाला आहे?

पण चालता चालता बंद पडणारी गाडी आणि हँग होणारा पीसी यात एक बारीकसा फरक आहे. पीसीच्या मागे खडी भरलेला डंपर नसतो.

माझ्या मागे होता. मे महिना, दुपारचे दोन, खंबाटकीचा घाट. मी आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघाले होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, त्यामुळे ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली. गाडी म्हणजे माझी २०१४ ची सेकंड हँड पेट्रोल हॅचबॅक. सेकंड गिअरमध्ये चढ चढत होतो, एसी चालू होता आणि अचानक शांतता. ना झटका, ना धूर, ना 'मिसिंग'. कुणीतरी स्विच ऑफ करावा तसं इंजिन बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी थांबली आणि मागे सरकायच्या आत मी पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, पार्किंग लाइट चालू केले. डंपरवाल्यानं हॉर्न दिला, शिवी दिली आणि (देव त्याचं भलं करो) वळसा घालून पुढे गेला. आई म्हणाली, 'पोहोचलो का?' तिचा डोळा लागला होता.

वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर गाडी पहिल्या फटक्यात चालू! जणू काही झालंच नाही.

डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो

असल्या बिघाडाला गॅरेजच्या भाषेत 'कधी येतो, कधी जातो' म्हणतात, आणि प्रत्येक मेकॅनिक त्याला मनापासून घाबरतो. कारण गाडी त्याच्यासमोर कधीच बंद पडत नाही. पहिल्या गॅरेजमध्ये (नाव जाऊ दे) तासभर गाडी उभी होती. मस्त घुमत होती. त्यांनी बॅटरीची वायर काढून परत लावली, थ्रॉटल बॉडी साफ केली, अठराशे रुपये घेतले आणि 'आता बिनधास्त जा' म्हणाले. चौथ्या दिवशी कर्वे रोडला पुन्हा बंद.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले फॉल्ट कोड पुसले जातात. म्हणजे चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत घर झाडून पुसून लख्ख करण्याचाच प्रकार.

दुसरं गॅरेज चकाचक होतं. एसी लाउंज, कॉफी मशीन, टाय लावलेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. त्यांनी स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत निकाल : क्रँक सेन्सरचा कोड दिसतोय, पण सेन्सर तर बाहेरून ठीक दिसतोय, म्हणजे ईसीएमच गेला. ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. नवीन टाकायचा तर चौतीस हजार. 'आणि मॅडम, हात लावतोच आहोत तर फ्युएल पंपपण बदलून घ्या.' फ्रीलान्स पत्रकाराला चौतीस हजार म्हणजे किती लेख होतात याचा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि विचारलं, 'ईसीएमच गेलाय, कशावरून?' उत्तर आलं, 'अनुभवावरून.' मी गाडी घेऊन बाहेर पडले.

अ‍ॅडव्हायझर माणूस वाईट नव्हता हो. पण त्याच्या बिलात पार्ट्सची रक्कम असते, मजुरीची असते. शोधायला लागलेल्या वेळाची नसते. दोन तास मीटर घेऊन बसणाऱ्याला आपण कस्टमरही पैसे द्यायला तयार नसतो. 'नुसतं बघितलंत, त्याचे कसले पैसे?' असं म्हणणारे आपणच की! मग पार्ट बदलून बघायचा, नाही जमलं तर पुढचा बदलायचा, हा सगळ्यांनाच सोपा मार्ग वाटतो. फक्त खिसा आपला असतो.

सुई खोटं बोलत नाही

त्या दिवसापासून मी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवली. जर्नालिझमच्या पहिल्या वर्षात शिकवतात तेच : कोण, काय, कधी, कुठे. गाडी बंद पडली की तारीख, वेळ, किती मिनिटं चालवली होती, एसी चालू की बंद, पेट्रोल किती, स्पीड किती. दोन आठवड्यांत पाच नोंदी झाल्या. सकाळी थंड इंजिनवर एकदाही नाही. पाचही वेळा किमान पस्तीस-चाळीस मिनिटं ड्रायव्हिंग झाल्यावर. पाचही वेळा पंधरा-वीस मिनिटांत आपोआप ठीक. पेट्रोल कधी फुल, कधी अर्धं. थोडक्यात काय, गरम झाली की रुसते, गार झाली की हसते!

यातली पाचवी नोंद सगळ्यात महत्त्वाची निघाली. शिरवळच्या अलीकडे, सपाट रस्ता, चौथा गिअर, साठचा स्पीड. इंजिन बंद पडलं, पण मी क्लच दाबला नव्हता, त्यामुळे चाकं इंजिनला फिरवतच होती. आणि तरीही डॅशबोर्डवरची आरपीएमची सुई टपकन शून्यावर! इंजिन प्रत्यक्षात फिरतंय आणि सुई म्हणतेय की ते थांबलंय.

हे इतकं महत्त्वाचं का? त्यासाठी सुई कुणाच्या सांगण्यावरून हलते ते बघावं लागेल.

इंजिनच्या पोटात क्रँकशाफ्ट नावाचा मुख्य दांडा फिरतो. त्याला जोडलेली एक दातेरी चकती असते. खूपशा गाड्यांत या चकतीवर साठ दात्यांची जागा असते, पण दाते असतात अठ्ठावन्न. दोन मुद्दाम गाळलेले. चकतीपासून जेमतेम एखाद्या मिलिमीटरवर बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो. आत एक चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. प्रत्येक दाता समोरून गेला की वेटोळ्यात विजेचा एक चिमुकला ठोका तयार होतो. ईसीएम हे ठोके मोजत बसतो. दोन दात्यांची फट आली की त्याला कळतं, एक फेरी पूर्ण झाली. तबल्याचा क्लास केलेल्यांना लगेच कळेल : दाते म्हणजे मात्रा आणि ती फट म्हणजे सम.

आता स्पीड बघा. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर दांडा सेकंदाला ५० फेऱ्या मारतो. म्हणजे सेकंदाला २९०० ठोके. या ठोक्यांवरून ईसीएम ठरवतो की पिस्टन नेमका कुठे आहे, पेट्रोल कधी फवारायचं आणि ठिणगी कधी टाकायची. ठोके बंद झाले की त्याच्या लेखी इंजिन थांबलं. मग तो शहाण्या मुलासारखा पेट्रोलही बंद करतो आणि ठिणगीही. काही गाड्या अशा वेळी कॅमशाफ्टच्या सेन्सरच्या भरवशावर लंगडत का होईना, चालत राहतात. माझी त्यातली नाही.

आणि आरपीएमची सुई? तीही याच ठोक्यांवर हलते. म्हणून पेट्रोल कमी पडून इंजिन मेलं, तर चाकांबरोबर फिरणाऱ्या इंजिनचे आरपीएम सुई दाखवत राहते आणि स्पीडबरोबर हळूहळू उतरते. ठोकेच गायब झाले, तर मात्र सुई कोसळते. एका सुईनं फ्युएल पंपाला बऱ्यापैकी क्लीन चिट दिली होती. अर्थात हे ऑटोमॅटिक गाडीत तितकं नीट दिसत नाही, तिथे इंजिन बंद पडलं की बहुधा खरोखरच थांबतं.

मामा, मीटर आणि हेअर ड्रायर

नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सची एवढी दुकानं आहेत की माणूस सुटे भाग घेऊन अख्खी गाडी जोडेल. तिथल्याच एका दुकानदारानं मला एका वायरमनचा पत्ता दिला. वायरमन म्हणजे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. वय साठीच्या पुढे, चष्म्याला दोरी. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले.

मामांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी वही मागितली. पाचही नोंदी वाचल्या, शिरवळवाली दोनदा. मग म्हणाले, 'ताई, अर्धं काम तुम्ही केलंय. आता राहिलंय ते सिद्ध करायचं.'

मग स्कॅनर निघाला. भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही पद्धत सक्तीची झाली. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं ते यासाठीच. कोड आला पी ०३३५. दुसऱ्या गॅरेजमध्ये दिसला होता तोच. बहुतेकांची गडबड इथेच होते. पी ०३३५ चा अर्थ 'सेन्सर खराब आहे' असा होत नाही. त्याचा अर्थ होतो, 'क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे.' सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याच्या वायरी आल्या, कपलर आला, दातेरी चकती आली आणि शेवटी ईसीएमही आला. 'कोड म्हणजे तक्रार अर्ज,' मामा म्हणाले, 'निकाल नाही.' कोडसोबत ईसीएम त्या क्षणाचा एक फोटोही साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आमच्या फोटोत इंजिनचं तापमान पूर्ण चढलेलं होतं. वहीशी तंतोतंत जुळलं.

आता बॉनेट उघडलं. गाडी चालू ठेवून मामांनी सेन्सरची वायर हलवली, ओढली, कपलर दाबून पाहिला. इंजिन ढिम्म. मग बंद करून कपलर काढला. आत गंज नाही, ऑइल नाही. वायरीवर उंदराचे दात नाहीत. (हसू नका! पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीरमामा उबेला बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात.) कपलरपासून ईसीएमपर्यंतच्या दोन्ही वायरी मीटर लावून तपासल्या. सलग होत्या, कुठे बॉडीला चिकटलेल्या नव्हत्या. म्हणजे वायरिंग सुटलं.

मग दहाच्या पान्यानं सेन्सर खोलला. टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटला होता. चुंबकच तो, जमणारच. पुसून टाकला. थोडा असेल तर चालतं, पण मूठभर निघाला तर आत काहीतरी झिजतंय असं समजायचं. मीटरच्या दोन पिना सेन्सरला लावल्या. ८६० ओहम. 'हे बघा,' मामा म्हणाले, 'ठीक आहे. इथंच सगळे फसतात. गार सेन्सर तपासतात, रीडिंग बरोबर येतं आणि मग म्हणतात ईसीएम गेला.'

त्यानंतरचा प्रश्न मी अजून विसरलेले नाही. 'ताई, तुमच्याकडं केस वाळवायचं मशीन आहे का?'

होतं! बॅगेत नाही, घरी. रिक्षानं जाऊन आणलं. (वीस वर्षांत या रस्त्यावर कुणी हेअर ड्रायर घेऊन आलं नव्हतं म्हणे.) मामांनी मीटर तसाच जोडलेला ठेवला आणि सेन्सरवर गरम हवा सोडली. ८६०, ८९०, ९३०... तांबं तापलं की रोध थोडा वाढतोच, ते नॉर्मल. सहा-सात मिनिटं झाली. ९८०. आणि मग मीटरवर आकडाच नाही. ओएल. म्हणजे सर्किट तुटलं. वेटोळ्यातली ती केसाएवढी तार आत कुठेतरी तडकलेली होती; गार असताना दोन टोकं एकमेकांना चिकटून राहायची, तापून सगळं प्रसरण पावलं की सुटायची. ड्रायर बंद केला, चहा आला, चहा संपेस्तोवर मीटर पुन्हा ८७० वर. मामांनी हा खेळ तीनदा केला. तिन्ही वेळा तेच. मी 'पटलं' म्हटल्यावरही तिसऱ्यांदा केला, कारण त्यांना स्वतःला पटायचं होतं.

'कशावरून?' या प्रश्नाचं उत्तर असं दिसतं, बॉस!

एक सावधगिरी. हे ओहमचं गणित दोन वायरवाल्या सेन्सरचं. तीन वायरवाला असेल तर तो हॉल इफेक्टचा असण्याची शक्यता जास्त. त्याला ओहम मोजून उपयोग नाही. तिथे आधी व्होल्टेज आणि अर्थ नीट येतोय का ते बघतात आणि मग सिग्नल. आणि रीडिंग किती हवं ते प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. माझे ८६० तुमच्या गाडीला लावू नका.

'गैरसोय' नावाचा धोकादायक शब्द

'सेन्सरच तर होता, एवढं काय?' असं एका मित्रानं विचारलं. त्याला मी एक अमेरिकन गोष्ट ऐकवली.

२०१४ साली जनरल मोटर्सनं टप्प्याटप्प्यानं जवळपास २६ लाख गाड्या परत बोलावल्या. तिथे दोष सेन्सरचा नव्हता, चावीच्या स्विचचा होता. जड की-चेन असेल किंवा गुडघा लागला, तर चावी 'ऑन'वरून घसरायची आणि धावत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. त्याबरोबर एअरबॅगही निकामी. कंपनीच्या भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. चालत्या गाड्या बंद पडताहेत, हे कंपनीला कित्येक वर्षं आधी माहीत होतं. मग? कंपनीनंच नेमलेल्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षी आला, त्यात उत्तर आहे : आतल्या लोकांनी या तक्रारींवर 'ग्राहकाची गैरसोय' असं लेबल लावलं होतं. सुरक्षेचा प्रश्न म्हणून नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी बाजूला घेता येते ना, मग झालं!

मार्च २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एक तरुण नर्स आपल्या २९ व्या वाढदिवशी गाडी चालवताना अपघातात गेली. गाडी मधेच बंद पडते अशी तक्रार घेऊन काही दिवस आधीच ती डीलरकडे जाऊन आली होती. तिच्या आई-वडिलांच्या वकिलानं नेमलेल्या इंजिनिअरनं जुना स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच, दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले. पार्ट नंबर तोच, आतली पिन आणि स्प्रिंग मात्र वेगळी. कंपनीनं पार्ट गुपचूप सुधारला होता आणि नंबर बदलला नव्हता. सगळ्या प्रकरणाला वाचा फुटली ती या एका तुलनेतून. मामांचा हेअर ड्रायर आणि त्या इंजिनिअरचे दोन स्विच, काम एकच : अंदाज बाजूला ठेवून बघणं.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश द्यायचा अधिकार सरकारला दिला. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून तुमच्या गाडीचा रिकॉल आहे का ते पाहता येतं. दोन मिनिटांचं काम. मी पाहिलं, माझ्या गाडीचा नव्हता.

बंद पडली तर?

पहिलं म्हणजे, चावी काढू नका! चावी काढली की स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग जड होतं, पण वळतं, जोर लावा. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, म्हणून घाबरून पंप मारू नका, एकदाच घट्ट दाबा आणि दाबून ठेवा. त्यानंतरही ब्रेक लागतो, फक्त पायात ताकद हवी. पार्किंग लाइट लावा, वेगात असाल तर न्यूट्रल करून डाव्या कडेला या. एक्स्प्रेस वेवर असाल तर गाडीत बसून राहू नका, रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभे राहा आणि तिथून फोन करा. ११२ हा नंबर सगळीकडे चालतो.

आणि गॅरेजमध्ये जाताना लक्षणं घेऊन जा, निदान नको. 'फ्युएल पंप गेलाय वाटतं' असं आपण म्हटलं की समोरचा खूश होतो आणि फ्युएल पंप बदलतो. त्यापेक्षा सांगा, फक्त सिग्नलला आयडलवर बंद पडते आणि रेस दिली की ठीक चालते (मग थ्रॉटलचा कार्बन बघायला हरकत नाही), की ओव्हरटेक करताना हुकत हुकत मरते (मग पेट्रोलचा रस्ता), की डॅशबोर्डसकट सगळंच काळं होतं (बॅटरीचे टर्मिनल, चावीचा स्विच). चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर. आणि गार असताना मुलगी गुणाची, गरम झाल्यावर डोक्यावर बसते, असं असेल तर सेन्सर गरम करून तपासा असं स्पष्ट सांगा. काहीशे रुपयांत ब्लूटूथचा ओबीडी डोंगल मिळतो, फोनवर कोड दिसतो. तो बॅटरी काढायच्या आधी वाचा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

पार्टच्या बाबतीत मामा अजिबात तडजोड करत नाहीत. माझ्या सेन्सरची डुप्लिकेट कॉपी पेठेत चारशेला होती, ओरिजिनल कंपनीच्या काउंटरवर साडेचौदाशेला. मी चारशेवाला हातात घेतला तर त्यांनी तो काढून परत ठेवला. 'यातली तार कुणी गुंडाळलीय ते माहिती नाही ताई.' नवा सेन्सर बसवण्याआधी त्यालाही मीटर लावला आणि त्यालाही हेअर ड्रायर दाखवला! बिल : तपासायचे पाचशे, बसवायचे तीनशे. तपासायचे पैसे बसवायच्या पैशांपेक्षा जास्त असलेलं बिल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते फार आवडलं.

त्यानंतर गाडी पाच हजार किलोमीटर धावली. मुंबईच्या दोन ट्रिप, भर ऊन, एसी फुल. एकदाही हूं की चूं नाही.

मागच्या महिन्यात त्या चकाचक गॅरेजमधून फोन आला. तोच अ‍ॅडव्हायझर. 'मॅडम, ईसीएम ऑर्डर करायचा का? आता स्कीममध्ये दहा टक्के कमी आहेत.' मी म्हटलं, नको, गाडी ठीक झाली. 'काय निघालं हो?' सेन्सर निघाला, गरम झाल्यावर ओपन होत होता, म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग एकदम खाली आलेल्या आवाजात तो म्हणाला, 'आमच्याकडे सध्या अशीच एक गाडी तीन आठवडे पडून आहे. त्या वायरमनचा नंबर देता का?'